कोळसुंदा म्हणजे भटका कुत्रा नव्हे : वनमंत्र्यांस खुले पत्र

माननीय वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

दोडामार्ग तालुक्यात माझी काजूची बाग आहे. दोन गाई आहेत, गेल्या माघापर्यंत एक पाडीही होती. ती गेली त्या सकाळी बागेच्या वरच्या अंगाला शीळ ऐकू आली होती. मला वाटलं, गुराखी पोरं असतील. दुपारी पाडी ओहोळात सापडली. पोट आणि मागची बाजू साफ, उरल्या त्या फासळ्या. मानेला मात्र दातही लागलेला नव्हता. शेजारचे काका वाकून बघत म्हणाले, "कोळसुंदेच ते. गावचे कुत्रे असला साफ काम करुचे नाय." कोळसुंदे म्हणजे रानकुत्रे.

वर्दी त्याच दिवशी दिली. पंचनाम्याला आलेल्या कर्मचाऱ्याने आधी मान तपासली, कारण बिबट्या मानेला धरतो. तिथे काही मिळालं नाही. ओल्या मातीतले ठसे कुत्र्यासारखे. झालं, कागदावर आलं : 'भटक्या कुत्र्यांनी मारल्याचे दिसते.' भटका कुत्रा वन्यप्राणी नाही, म्हणून भरपाई नाही. शासन निर्णयाच्या यादीत रानकुत्र्याचं नाव आहे, साहेब. पण ज्याला तो ओळखता येत नाही, त्याच्या हातात यादी देऊन काय उपयोग?

त्या माणसाचा मला राग नाही. वाघ-बिबट्याचं प्रशिक्षण सगळ्यांना मिळतं, कोळसुंद्याचं कोण देतो? तांबूस अंग, काळी झुपकेदार शेपटी, गोल कान. भुंकत नाही, शीळ घालतो. कळपाने शिकार करतो, मागून आणि पोटाला धरतो, आणि बघता बघता संपवतो. रानवाटा जिथे मिळतात तिथे सगळा कळप एकाच जागी विष्ठा टाकतो. एवढं जरी वनरक्षकाला ठाऊक असलं तरी निम्मे पंचनामे सुधारतील, असं माझं मत.

जगात या प्राण्याची प्रजननक्षम संख्या ९४९ ते २,२१५ एवढीच उरली असावी, असा आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेचा अंदाज आहे. इंग्रजी अमलापासून तो मारणाऱ्याला बक्षीस मिळायचं; ते थांबायला १९७२ चा वन्यजीव कायदा यावा लागला. आता बक्षीस नाही, पण ज्याची पाडी गेली आणि कागदावर 'भटके कुत्रे' आले, तो पुढच्या वेळी वर्दी द्यायला जाणार नाही. तो उरलेल्या मांसावर विष टाकेल. मी टाकलं नाही. मनात आलं नव्हतं असं मात्र म्हणत नाही.

आमच्याकडच्या तिलारीच्या रानाचं २९.५३ चौ. किमी. क्षेत्र २०२० साली संवर्धन राखीव झालं, चांगलंच झालं. पण कोळसुंद्याला गट नंबर कळत नाहीत. आमच्याकडचं पुष्कळ रान खासगी मालकीचं. तो गोव्याच्या म्हादई अभयारण्यातून, कर्नाटकच्या भीमगड अभयारण्याकडून येतो तो आमच्या काजूतून, रबरातून, ओहोळाच्या कडेने. थंडीत त्याची पिल्लं बिळात असतात, आणि आमची बाग साफ करायची, गवत जाळायची वेळही साधारण तीच. डुकरांसाठी कुंपणाला लावलेली फासकी कोण अडकलं ते विचारत नाही. म्हणजे त्याचं जगणं-मरणं तुमच्या राखीव वनाइतकंच माझ्यासारख्याच्या कोयत्यावर आणि काडेपेटीवर आहे. तरीही आमच्याशी बोलायला कोणी येत नाही. येते ती नोटीस.

दुसरी गोष्ट खऱ्या भटक्या कुत्र्यांची. मासळीबाजाराची घाण आणि हॉटेलांचं उरलेलं अन्न यांवर ते वाढलेत, आणि रात्री आमच्याच बागांतून फिरतात. डिस्टेंपर, रेबीज, खरूज हे रोग त्यांच्याकडून रानात जातात. २०१८ मध्ये गीरचे सिंह पटापट मेले, तेव्हा त्यांच्यात कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. कोळसुंदे तर एकमेकांना चिकटून राहणारे. एकाला लागण झाली की कळपच धोक्यात. पशुसंवर्धन खातं तुमच्याकडे नाही, माहीत आहे. पण रानालगतच्या गावांतल्या कुत्र्यांना, शिकारीच्या पाळीव कुत्र्यांनासुद्धा, दरवर्षी लस टोचायची तर दोन्ही खात्यांनी एका टेबलावर बसायला कितीसा वेळ लागतो?

पंचनाम्यात शेतकऱ्याने मोबाइलवर काढलेले फोटो ग्राह्य धरा. कोळसुंद्याच्या खुणांचा एक साधा तक्ता मराठीत छापून प्रत्येक वनरक्षकाला द्या. वाघांच्या गणनेसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांत कोळसुंदेही येतात; ते कुठे आले, हे निदान त्या गावच्या ग्रामपंचायतीला कळवा.

आणि माझ्या पाडीचं. भरपाई नाही मिळाली तरी चालेल. पण त्या कागदावरचे 'भटके कुत्रे' खोडून तिथे 'कोळसुंदे' लिहून द्या. नाहीतर उद्या कोणी विचारलं, की या गावात रानकुत्रा आहे का, तर तुमचंच दफ्तर 'नाही' म्हणेल.

आपला,
एक काजू बागायतदार
ता. दोडामार्ग, जि. सिंधुदुर्ग