ओट्यावरचा धूर

तीर्थरूप आबा व आई,
सा. न.

फोनवर बोलले असते, पण फोनवर आबा "काही व्हत नही" म्हणून विषय मिटवतात. म्हणून कागद.

दिवाळीला आले तेव्हा पाहिलं, महादेवाच्या देवळातले बुवा रोज सांजेला आपल्या ओट्यावर चिलीम घेऊन बसतात. थंडी पडली की ओसरीत, दार लोटून. आबा, तुम्ही ओढत नाही, नुसते शेजारी बसता, हे मला ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेत माझ्याकडे पांढऱ्या उंदराचं फुप्फुस आलं. कित्येक आठवडे गांजाचा धूर दिलेला उंदीर. (परवाना काढूनच, घाबरू नका.) मेणात बसवून पाच मायक्रॉनचे, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ, काप काढले, रंगवले. निरोगी फुप्फुस भिंगाखाली आईच्या धिरड्यासारखं दिसतं, नुसती जाळी. इथे जाळी जागोजाग बुजलेली, भिंती जाड झालेल्या, आणि आत काजळी गिळून फुगलेल्या तपकिरी पेशी. त्या उंदराने काही चिलीम ओढली नव्हती. पिंजऱ्यात धूर सोडायचे, तो श्वास घ्यायचा, बस्स.

नर उंदरांत शुक्रजंतू घटतात, असंही प्रयोगांत दिसलंय. हे तुम्हाला लिहायला कसंतरी वाटतं, पण दादाही तिथेच बसतो. त्याला आईने सांगावं.

मला खरी काळजी तुमच्या रक्तवाहिन्यांची. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी 2016 मध्ये उंदरांना दुसऱ्याच्या चिलमीचा म्हणावा तसा धूर फक्त 1 मिनिट दिला. रक्ताचा वेग वाढला की रक्तवाहिनी सैल पडायला हवी, ती पडेना. तंबाखूच्या धुरानंतर अर्ध्या तासात पूर्ववत व्हायची; गांजाच्या धुरानंतर 90 मिनिटं झाली तरी नाही. नशेचं द्रव्य काढलेला गांजा जाळला, तरी तेच. म्हणजे "मला कुठे चढते" हे तुमचं म्हणणं इथे कामाचं नाही. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण त्या उंदराला स्टेंट नव्हता, तुम्हाला आहे.

बुवांना येऊ नका म्हणू नका. चहा द्या, कळण्याची भाकरी द्या, चिलीम तेवढी पिंपळाच्या पारावर. तोंडावर सांगणं जड जात असेल तर माझं नाव घ्या. पोरगी फार शिकली म्हणतील. म्हणू देत.

आई, येणाऱ्या कुणाबरोबर कळण्याचं पीठ पाठव.

तुमची,
ताई