गॅप अ‍ॅफिडेव्हिटवाल्या दादाला

प्रिय दादा,

फोनवर 'थँक्यू' म्हटलं की तू 'अहो ताई, त्यात काय' म्हणून विषय बदलतोस. पैसेही घेतले नाहीस. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता कुठं पळशील?

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ, कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीचा आणि विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. दुकानात एकच उत्तर, नवीन घ्या. एरवी मशीन ठणठणीत! तू गॅप अ‍ॅफिडेव्हिट, म्हणजे शिक्षणात खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र, करायला आलास, स्क्रीनवरची सूचना वाचलीस आणि म्हणालास, "ताई, लिनक्स टाकून बघायचं का?"

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम. ती टाकून देणारं दुसरंही कुणी भेटलं असतं. काय काय चालणार नाही हे तू आधी सांगितलंस, त्याचे हे आभार.

पेनड्राइव्हवरून मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, नुसतं चालू करून दाखवलंस, आतल्या डिस्कला हात न लावता. वायफाय, आवाज, प्रिंटर तपासलास. मग माझ्या वहीच्या मागच्या पानावर विचारून विचारून यादी केलीस, मी यावर काय काय करते त्याची. त्यात मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसमोर फुली मारलीस. "हे इथं चालणार नाही." माझ्या पोटात गोळाच आला. माझी बोटं रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कळांच्या मांडणीवर घडलेली, परीक्षा खटखट करणाऱ्या टाइपरायटरवर दिलेली. आता इन्स्क्रिप्टची वेगळी मांडणी शिकत बसले तर गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावर जाणार. तू आयबसमध्ये, म्हणजे लिनक्सच्या भाषा-कीबोर्ड निवडायच्या सोयीत, शोधाशोध करून मराठीचा रेमिंग्टन लेआउट काढून दिलास. मी 'प्रतिज्ञापत्र' टाइप केलं आणि बोटं कुठेही अडखळली नाहीत. एकदोन चिन्हांच्या जागा बदलल्यात, त्यावर अजून मनातल्या मनात शिव्या घालते. पण तेही तू आधीच सांगितलं होतंस.

जुन्या फाइलींचं दुखणं वेगळंच. युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसणारी पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की भाडेकराराच्या जागी नुसतं इंग्रजी गिचमिड दिसतं. तू माझे फॉन्ट नव्या सिस्टिममध्ये टाकून दिलेस, म्हणून जुनं वाचता येतं, छापता येतं. नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करायचं, असं बजावलंस. बरं केलंस, वकील मंडळी हल्ली तेच मागतात.

डिस्क पुसण्याआधी सगळा डेटा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलास, आणि कॉपी झाली म्हणून थांबला नाहीस. "ताई, यातल्या फाइली उघडून दाखवा, मग पुढचं बटण." त्यानंतरचं इन्स्टॉलेशन चहा संपेस्तोवर उरकलं. घड्याळासाठी नकाशात कोलकाता निवडावं लागलं, नाशिक काही तिथं नव्हतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाकताना अक्षरांऐवजी नुसत्या चांदण्या उमटल्या, तेव्हा मला वाटलं कीबोर्डच गेला. तू हसलास, पण समजावून सांगितलंस.

फुकट म्हणजे चोरीचं की काय, अशी मला शंका होती. लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्स सुरू केलं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा, हे तू सांगितलंस. आणि परवाना असा की कुणीही वापरा, बदला, पुढे द्या. फक्त पुढच्यालाही तेच हक्क द्या. दिवसभर 'सदर मिळकत कोणासही हस्तांतरित करता येणार नाही' टाइप करणाऱ्या बाईला असा करार पहिल्यांदाच दिसला.

शेजारच्या टेबलावरच्या काकांनाही आता हेच हवंय. पण त्यांची डिजिटल सहीची कामं असतात, म्हणून तू बघेपर्यंत मी त्यांना थोपवून धरलंय.

आणि एक. दोन्ही बाजूंनी प्रिंट काढलं की मागचं पान उलटं येतं. सेटिंग असेलच कुठेतरी. कॉलेजहून येताना बस बदलायला सीबीएसला उतरतोस, तेव्हा डोकावून जा. काका साडेपाचला टेबल आवरतात, त्याआधी ये.

तुझी,
टायपिंगवाली ताई