फोन सुरू झालाय, तरी नवीन घेतेय

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी लॅपटॉपवरून बोललो तेव्हा माझ्या भिजलेल्या फोनचा विषय अर्धवट राहिला. "सुरू झालाय ना फोन? मग चालेल तेवढा चालव, नवीन कशाला?" हे तुमचं म्हणणं, बाबा, मला कळतं. चालती वस्तू टाकून देणं माझ्याही जिवावर येतं. पण ह्या बाबतीत मी नीट चौकशी करून, फोन उघडून घेऊन, आतलं डोळ्यांनी बघून ठरवलंय. बोलताना ते सगळं सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहिते.

झालं ते एवढंच. पिशवीत पाण्याची बाटली गळली आणि फोन तळाशी होता. हातात घेतला तेव्हा स्क्रीन चालू होती. आधी तो बंद केला, कव्हर काढलं, सिमचा ट्रे बाहेर ओढला. ट्रेमागोमाग पाण्याचा थेंब आला. चार्जिंगचं तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटला, तर आणखी पाणी आलं. मग तो वाऱ्याला ठेवला आणि पुरता वाळेपर्यंत चार्जरला लावला नाही.

आई, तू तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितलंस. सगळेच तसं सांगतात, पण त्याने काही होत नाही. उघड्यावर वाऱ्याने जेवढं वाळतं त्याहून तांदूळ जास्त काही ओढून घेत नाहीत, उलट त्यांची पूड आणि कण चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसतात. ॲपलनेही आपल्या मदतीच्या पानावर फोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलंय. केस वाळवायचं यंत्रही नको, त्याचा झोत पाणी आणखी आत ढकलतो आणि उष्णतेने बॅटरीला व आतल्या गोंदाला इजा होते.

खरं महत्त्व आहे ते फोन लगेच बंद करण्याला. मला वाटायचं, पाणी फोनला खराब करतं. पण नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि वीज एकत्र येणं वाईट. आपल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे त्यातून वीज वाहते. फोन चालू असेल तर सर्किटवरच्या केसाएवढ्या जवळच्या दोन जोडांमध्ये त्या थेंबातून प्रवाह सुरू होतो, एका बाजूचा धातू झिजतो आणि दुसरीकडे जाऊन साठतो. म्हणून ओला फोन 'चालतोय का' हे बघायला पुन्हा पुन्हा सुरू करणं, किंवा चार्जरला लावून पाहणं, हे सगळ्यात घातक. तुमच्यापैकी कुणाचा फोन कधी भिजला तर बाकी काही आठवलं नाही तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

वाळल्यावर सुरू केला आणि तो खरंच सुरू झाला. मलाही बरं वाटलं. पण आई, त्या फोनवरून बोलले तेव्हा तुला माझा आवाज घोगरा येत होता तो सर्दीमुळे नव्हता, माइकमुळे होता. कॅमेऱ्याच्या काचेच्या आत धुकं धरलं होतं. चार्जिंगची वायर एका विशिष्ट कोनात धरली तरच वीज जायची. मग दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने आधी सिमच्या खाचेत टॉर्च मारून मला एक बारीक पट्टी दाखवली. ती कोरडी असेपर्यंत पांढरी असते, पाणी लागलं की लाल होते आणि पुन्हा पांढरी होत नाही. माझी लाल होती. त्याने मागचं झाकण उघडलं, बॅटरी काढली आणि भिंगाखाली चार्जिंगच्या जोडाजवळची जागा दाखवली. तांब्याच्या भांड्यावर कळंक चढतो तसा हिरवट थर तिथे धरला होता, बाजूला क्षारांची पांढरी कड. पाणी उडून गेलं होतं, पण त्यातलं जे राहायचं ते राहिलं होतं. हवेतला दमटपणा पुरतो त्याला, गंज आतल्या आत पुढे सरकत राहतो. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते सगळं हळुवार ब्रशने साफ केलं आणि स्पष्ट सांगितलं, "आठवडा चालेल, वर्षभर चालेल, मी सांगू शकत नाही." त्याचा हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

बाबा, तुम्ही विचारलंत की हा फोन वॉटरप्रूफ म्हणून घेतला होता ना? तो वॉटरप्रूफ नव्हता, त्याला आयपी६७ असा, धूळ आणि पाणी कितपत अडवतो ते सांगणारा दर्जा होता, आणि ह्या दोन गोष्टींत फार अंतर आहे. त्यातला ६ धुळीसाठी असतो. ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. तेही प्रयोगशाळेत, गोड्या साध्या पाण्यात, कोरा करकरीत फोन बुडवून पाहिलेलं. आयपी६८ मध्ये किती खोल आणि किती वेळ हे कंपनी स्वतः ठरवून सांगते, म्हणून दोन आयपी६८ फोन सारखे नसतात. एक कंपनी ६ मीटर सांगते, दुसरी दीड मीटर. आणि हे सगळं टिकून असतं ते आतल्या गोंदाच्या पातळ पट्टीवर. फोन पडतो, तापतो, जुना होतो, तशी ती पट्टी सुटत जाते. माझ्या फोनची बॅटरी मागे बदलून घेतली होती, तेव्हा तर तो उघडलेलाच होता. साबणाचं पाणी, समुद्राचं पाणी, गरम वाफ ह्यांचा त्या चाचणीत विचारच नसतो. कंपन्यांनाही हे ठाऊक आहे, म्हणून जाहिरातीत पाण्याचे फवारे दाखवतात पण पाण्याने बिघडलेला फोन बहुधा वॉरंटीत धरत नाहीत. हे मला अन्यायाचं वाटतं. विकताना एक आणि दुरुस्तीला दुसरं असं असू नये.

तर आता निर्णयाचं. साफ केलेल्या फोनमध्ये चार्जिंगचा जोड, माइक आणि बॅटरी बदलून घेता आली असती. फोन नवा असता तर मी तेच केलं असतं. पण ह्या फोनला कंपनीने सुरक्षा अपडेट देणं केव्हाच थांबवलंय. माझे बँकेचे सगळे व्यवहार त्याच्यावर, ऑफिसमध्ये लॉगिन करायचे कोड त्याच्यावर, आणि भारतातल्या बँकेचा ओटीपी येतो ते सिमही त्याच्यातच. परदेशात एकटीने राहताना रात्री अचानक फोन गेला तर मी पैशांपासूनही तुटते आणि तुमच्यापासूनही. म्हणून तो मरायची वाट बघायची नाही, जिवंत आहे तोवर त्यातलं सगळं बाहेर काढायचं, असं मी ठरवलं. भिजून उठलेल्या फोनचा उपयोग तेवढाच.

त्यातही क्रम लावला. सगळ्यात आधी आजीचे आवाजातले निरोप, कारण ते दुसरीकडे कुठेच नव्हते. मग फोटो, मग व्हॉट्सॲपचा बॅकअप. वायर नीट बसत नव्हती, म्हणून सगळं वायफायवरून चढवलं. मुख्य फोन बंद असला तरी व्हॉट्सॲप लॅपटॉपवर चालतं, म्हणून तर आपण रविवारी बोलू शकलो. पण मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर लॅपटॉपवरूनही आपोआप बाहेर पडतं. ही सोय कायमची नाही, हे मलाही आत्ताच कळलं. बाबा, तुमच्या व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप, तिथे शेवटची तारीख कुठली दिसते ते मला कळवा. जुनी असेल तर तुमच्या गुगल खात्याची मोफत मिळणारी १५ जीबी जागा भरलेली असू शकते, कारण हल्ली हा बॅकअपही तिच्यातच मोजतात. आपण मिळून रिकामी करू.

नवीन फोन कुठला, ह्यात मी कॅमेरा बघितलाच नाही. पाहिलं ते किती वर्षं अपडेट मिळणार हे. गुगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून ७ वर्षांचं आश्वासन दिलंय. ही वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही, एवढं ध्यानात ठेवून मी गेल्या वर्षीचं मॉडेल घेतेय. एक वर्ष कमी मिळेल, पण पुष्कळ स्वस्त पडतं आणि माझ्या कामाला काही कमी पडत नाही. वापरलेला, दुरुस्त करून विकलेला फोनही पाहिला. तो वाईट नसतो, पण एकदा उघडलेल्या फोनची गोंदाची पट्टी कशी बसवली असेल हे बाहेरून कळत नाही, आणि आत्ता मला नेमकी तीच धास्ती आहे. सिमची खाच असलेलाच हवा, हीही अट ठेवली. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन २०२२ च्या आयफोन १४ पासून त्या खाचेविना येतात. आणि आपलं भारतातलं सिम इथे बसून ई-सिम, म्हणजे कार्डाविना फोनमध्येच भरलेलं सिम, करून घेणं म्हणजे मोठी खटपट.

जुना फोन मी वापरणार नाही, पण कचऱ्यातही टाकणार नाही. सगळी माहिती पुसून इलेक्ट्रॉनिक कचरा घेतात तिथे देईन. भिजलेली बॅटरी घरात ठेवणं बरोबर नाही, ती कधी फुगेल सांगता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि आई, हे तूही वाच. माझा फोन बिघडलाय हे आपण सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. नेमका हाच बहाणा वापरून लोकांना फसवतात. अनोळखी नंबरवरून मेसेज येतो, "आई, माझा फोन पाण्यात पडला, हा माझा नवीन नंबर, थोडे पैसे तातडीने पाठव." ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात 'हाय मम' ह्या नावाने ही फसवणूक ओळखली जाते, आणि कितीतरी आईवडिलांनी ह्यात पैसे घालवलेत. माझे दोन्ही नंबर तेच राहणार आहेत, सिम ठणठणीत आहेत. दुसऱ्या कुठल्याही नंबरवरून माझ्या नावाने काही आलं, अगदी माझा फोटो लावलेला असला तरी, उत्तर देऊ नका. जुन्या नंबरवर मला फोन करा. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कुणी मागितला तर तो मलाही सांगायचा नाही, कारण तो मी कधीच मागणार नाही.

भारतातल्या सिमचं रिचार्ज महिनाअखेरीला संपतंय. बाबा, तेवढं तुमच्याकडून करून ठेवा, म्हणजे नवीन फोनवर बँकेची नोंदणी करताना ओटीपी अडकणार नाही.

तुमची,
मनू