घशाचं तेवढं बघ

प्रिय सोहम,

फोनवर तू "हो गं आई, बघतो" म्हणून विषय बदललास म्हणून लिहितेय, लिहिलेलं निदान पूर्ण वाचशील. परवा सुदर्शन रंगमंचला तुझ्या कार्यक्रमात मी आणि मावशी शेवटच्या रांगेत होतो. तुझ्या 'आजोळ' गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात वर जाताना आवाज फुटला तुझा, तू गिटारवर सावरून घेतलंस, लोकांना कळलंही नसेल, पण मला कळलं. नंतर बाहेर भेटलास तेव्हाही घोगराच. गणपतीपासून चाललंय हे. ईएनटीला दाखव.

खरं तर हे लिहायचंच नव्हतं. लिहायचं होतं की कार्यक्रम फार सुंदर झाला. एवढासा हॉल, पहिल्या रांगेतले लोक अगदी तुझ्या पायाशी, ना ड्रम ना कोरस, स्टुलावर तू, गिटार आणि एक माइक. मधे ट्युनिंग बदलताना तू आज्जीच्या पत्र्याच्या ट्रंकेबद्दल बोलत होतास आणि माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती, तिला काय माहीत ती ट्रंक कुठली. आप्पा असते तर त्यांना भावगीतवाले गजाननराव वाटवे आठवले असते. पुण्यात गणपतीत वाटवे गायला बसले की रस्ता माणसांनी भरून जायचा म्हणायचे, चाल त्यांचीच, गाणारेही तेच. पण त्यांच्याकडे शब्द कवींचे असायचे, तुझे तर शब्दही तुझेच, हे मी मावशीला रिक्षात दोनदा ऐकवलं.

तर घसा. तू सहावीत होतास तेव्हा मी पाटीवर लिहून बोलायचे तुझ्याशी, आठवतंय? भरल्या वर्गात रोज ओरडून शिकवून स्वरतंतूंवर नोड्यूल, म्हणजे बारीक गाठी, आल्या होत्या. ऑपरेशन लागलं नाही, मौन आणि स्पीच थेरपीवर निभावलं, पण वरचा सा गेला तो गेलाच, अजून भजनात मी खालच्या पट्टीत गाते. तुझ्याकडे पाटीवर 'दूध पी' लिहिलं की तू खाली 'नको' लिहून पाटी परत द्यायचास. मला तेव्हा घोगरेपणा म्हणजे सर्दीच वाटायची. तसं नसतं रे. दोन-तीन आठवड्यांत आवाज सुटला नाही तर दुर्बिणीतून स्वरतंतू बघून घ्यायचे, आणि गाणाऱ्याने तर त्याच्याही आधी. तोवर कुजबुजूनही बोलू नकोस, त्यानेही ताण पडतो.

आणि त्या कॅफेतल्या व्हिडिओत स्पष्ट दिसतंय, तुला समोरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये स्वतःचा आवाज येत नाहीये आणि मागे कॉफीचं मशीन घुरघुरतंय, म्हणून तू जोर लावतोयस. साउंडचेकला मागून घ्यायचं हक्काने. 'आजोळ'ला गिटारच्या दांड्यावर लावतोस तो कॅपोचा चिमटा तिसऱ्या फ्रेटवरून पहिल्यावर आण, गाण्याची पट्टी काळी दोनवरून काळी एकवर येईल, मी पेटीवर गाऊन बघितलं, काही बिघडत नाही गाण्याचं. रात्री शो संपल्यावर मिसळ नको. उशिरा खाऊन लगेच आडवं होणं नको. पाणी पी. गाण्याआधी तरी सिगरेट... जाऊ दे. वर्ग घेतल्यासारखं झालं, सॉरी. तुला तुझं काम कळतं, मला माहितीय.

एका आठवड्यात तीन-तीन शो तू पैशासाठी घेतोस तेही कळतं मला. बाबा बोलले तेव्हा मी गप्प बसले, पण त्यांची भीती आणि माझी भीती एकच आहे, फक्त ते नोकरीचं नाव काढतात. गीतकार-संगीतकारांना गाण्यांची रॉयल्टी गोळा करून देणारी ती संस्था, आयपीआरएस, तिचा मेंबर झालास का ते सांग. गीतकार आणि संगीतकार दोन्ही तूच, मग रॉयल्टीचे दोन्ही वाटे तुझेच, कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर करारात तो हक्क कोणी लिहूनही घेऊ शकत नाही. लगेच फार येणार नाही, पण येईल तेवढ्यात एखादा शो कमी करता आला तर घशाला सुट्टी मिळेल. बघ, परत तिथेच आले.

नाशिकच्या शोला मी येणार आहे, बाबा पण येतो म्हणालेत, स्वतःहून. पण डॉक्टरांनी नाही म्हटलं तर सरळ रद्द कर, तिकिटाचे पैसे परत दे, आधी सांगितलं तर लोक समजून घेतात. कमी पडले तर मी घालते, बाबांना बोलू नकोस. अपॉइंटमेंट घेतलीस की दिवस आणि वेळ मला मेसेज कर, बोलू नको, नुसतं टाइप कर.

तुझी,
आई