'बूजी नाही' असं लिहून ठेवणाऱ्या सिस्टरना

आदरणीय सिस्टर,

तुमच्या थिएटरमधल्या बॉईल्स मशीनवर, म्हणजे भूल देण्याच्या मशीनवर, पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावलेला असतो. त्यावर बॉलपेनने चार-पाच ओळी असतात. "डावा ऑक्सिजन ९००, रात्री ११.४०. उजवा भरलेला, वॉशर नवा. खिडकीकडचा सॉकेट बंद. लाइट गेली तर पायाचं सक्शन टेबलाखाली. ६.५ ची ट्यूब एकच. बूजी नाही." (९०० हा सिलिंडरच्या काट्यावरचा दाब, ट्यूब म्हणजे श्वासनळीत टाकायची नळी, आणि बूजी म्हणजे ती नळी आत न्यायला मदत करणारी लवचिक काठी.)

हे पत्र त्या पट्टीसाठी आहे. गेल्या महिन्यातल्या त्या रात्रीनंतर ते लगेच लिहायला हवं होतं. ती बाई बाळाला घेऊन घरी गेली, एवढंच त्या रात्रीबद्दल इथे पुरे. बाकीचं तिचं आहे. पण त्या रात्री कोणता सिलिंडर किती वेळ पुरणार हे शोधण्यात एक मिनिटही गेलं नाही, ते तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायलाच हवं, म्हणून हे पत्र उघडं लिहिलं आहे.

आम्ही कॉलवर जाऊन भूल देणारी माणसं. सकाळी शहरातलं एक नर्सिंग होम, दुपारी दुसरं, आणि रात्री तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून फोन. पेशंट आधी पाहिलेला नसतो. सर्जनच्या हाताचा वेग माहीत नसतो. मशीन प्रत्येक ठिकाणी वेगळं आणि त्याची खोडही वेगळी. कायम तिथे असणाऱ्या भूलतज्ज्ञाला कुठला व्हेपोरायझर (भुलीच्या औषधाची वाफ करणारं उपकरण) गळतो, कुठली ड्रॉवर अडकते, हे अंगवळणी पडलेलं असतं. आम्हाला ते कळून घ्यायला पाच मिनिटं मिळतात. सिझर तातडीची असेल तर तीही मिळत नाहीत.

आणि फोनवर बहुतेक ठिकाणी एकच वाक्य ऐकू येतं: "सगळं रेडी आहे डॉक्टर, तुम्ही फक्त या." या वाक्याची आम्हाला भीती वाटते. शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत रुग्णालयात असं सगळं रेडी होतं. भूल देण्याचं भारीतलं नवं मशीन, वर्कस्टेशन होतं, पण त्याची सकाळची तपासणी कोणी केली नव्हती. कार्बन डायऑक्साइड मोजायचा मॉनिटर होता, पण त्याची बारीक सॅम्पलिंग लाइन संपली होती, म्हणून तो बंदच ठेवलेला. औषधांच्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली घरी गेलेल्या इन्चार्जच्या पर्समध्ये. तिथे कोणी वाईट नव्हतं. विचारलं की प्रत्येक जण "ते माझ्याकडे नाही" एवढंच सांगत होता. भूल दिल्यावर श्वासनळीत टाकलेली ट्यूब खरंच श्वासनळीत आहे की अन्ननळीत, हे सर्वांत खात्रीने तोच मॉनिटर सांगतो. एका स्वस्त नळीअभावी तो बंद ठेवणं माफ करण्यासारखं नाही.

आता तुमच्या पट्टीकडे येतो. 'डावा ऑक्सिजन ९००' याला किंमत आहेच, पण त्यापुढच्या '११.४०' ला जास्त. वेळ न लिहिलेला आकडा आमच्या कामाचा नसतो. त्यानंतर एखादी केस झाली असेल, कोणी वॉर्डात ऑक्सिजन लावायला सिलिंडर काढून परत बसवला असेल. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो आणि काटा २००० च्या आसपास. ९०० वर काटा म्हणजे पावणेसातशे लिटर. मिनिटाला १० लिटर सोडला तर एक तास आणि वर सात-आठ मिनिटं. व्हेंटिलेटर ऑक्सिजनच्याच दाबावर चालणारा असेल तर त्याचा खर्च वेगळा, मग तासही मिळत नाही. एवढा हिशेब पट्टीवर नजर टाकून होतो, आणि 'उजवा भरलेला' वाचलं की हात मोकळे होतात.

काटा वाचण्यातही तुम्ही फसत नाही. सिलिंडर बंद केला तरी मशीनमध्ये अडकलेला दाब काट्यावर तसाच दिसत राहतो. रिकामा सिलिंडरही भरल्यासारखा वाटतो. तुम्ही अडकलेला ऑक्सिजन आधी सोडून काटा शून्यावर आणता, मग किल्लीने सिलिंडर उघडून आकडा वाचता आणि परत बंद करता. बंद करणं सगळ्यांत महत्त्वाचं. पाइपलाइन चालू असताना मशीनवरचा सिलिंडर उघडा राहिला, तर पाइपलाइनचा दाब उतरल्यावर तो गुपचूप रिकामा होतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. कोविडनंतर अनेक सरकारी रुग्णालयांत ऑक्सिजन प्लांट आले, हे चांगलंच झालं. पण वीज गेली की प्लांट थांबतो, आणि मग मॅनिफोल्डला, म्हणजे पाइपलाइनच्या जोडणीला, लावलेले जंबो सिलिंडर भरलेले आहेत की नाहीत यावर सगळं येऊन ठेपतं. तेही नसतील तर मशीनवरचे ते दोन काळे सिलिंडर एवढाच आधार उरतो.

नायट्रसच्या (भुलीसाठी वापरायच्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या) सिलिंडरवर तुम्ही दाब लिहीतच नाही. 'अमुक तारखेला लावला, ७ केसेस झाल्या' असं लिहिता. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मनापासून नमस्कार करावासा वाटला. आत द्रवरूप नायट्रस शिल्लक असेपर्यंत तो काटा जवळजवळ हलत नाही, आणि हलायला लागला की संपतच आलेला असतो. काट्यापेक्षा केसेसचा हिशेब खरा, हे किती जणांना माहीत आहे!

तुमच्या फोनबद्दलही लिहायचं आहे. आम्ही गाडीत बसायच्या आत तुम्ही सांगून मोकळ्या होता: हिमोग्लोबिन, प्लेटलेट, बीपी, आधीची सिझर, रक्ताची पिशवी हातात आहे की आणायला माणूस गेलाय. आणि पेशंटने काय खाल्लंय. बहुतेक ठिकाणी "उपाशी आहेस का?" असं विचारतात आणि बाई "हो, उपवास आहे" म्हणते. उपवासाला साबुदाण्याची खिचडी चालते, केळं चालतं, दूध चालतं. तिच्या लेखी ती खरंच बोलत असते. फाइलवर मात्र 'उपाशी' अशी नोंद होते. तुम्ही विचारता, "शेवटचा चहा कधी घेतलास? त्यात काय बुडवून खाल्लंस?" साधं पाणी असेल तर दोन तास पुरतात, पण दूध आणि खाणं असेल तर सहा तास लागतात. गरोदर बाईचं पोट तर कळा सुरू झाल्यावर आणखी सावकाश रिकामं होतं. भूल देताना ते अन्न वर येऊन फुप्फुसात गेलं तर काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं असणार. त्याशिवाय हा प्रश्न इतका नेमका कोणी विचारणार नाही.

आम्ही पोचतो तेव्हा शिरेत १८ नंबरची जाड, हिरवी व्हेनफ्लॉन लागलेली असते. बारीक निळी २२ लावणं सोपं असतं, पण रक्तस्राव सुरू झाला की तिच्यातून रक्त थेंबाथेंबाने जातं. बाईच्या उजव्या कुल्ल्याखाली चादरीची जाड घडी असते, म्हणजे गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून बीपी कोसळू नये. बीपी वर आणणारं मेफेंटरमिन भरून, सिरिंजवर नाव आणि 'एका एमएलमध्ये ६ मिग्रॅ' लिहून ठेवलेलं असतं. स्नायू सैल करणाऱ्या स्कोलीनच्या बाटलीवर ती फ्रिजबाहेर कधी आली त्याची तारीख असते. दोन ते आठ अंशांत राहायला हवं ते औषध उन्हाळ्यात बाहेर राहिलं की त्याची ताकद उतरते, आणि ते कळतं तेव्हा पेशंट निम्मा सैल झालेला असतो, जबडा घट्टच.

स्पायनलच्या, म्हणजे पाठीत सुई देऊन द्यायच्या भुलीच्या, ट्रेमध्ये रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तुम्ही येऊच देत नाही. ते वेगळ्या कपाटात, लाल डब्यात. पाठीत द्यायच्या हेवी बुपिवाकेनचा ॲम्प्यूल फोडण्याआधी तुम्ही तो उजेडात धरून नाव, टक्केवारी आणि तारीख मोठ्याने वाचता आणि आमच्याकडून वदवून घेता. दोन्ही ॲम्प्यूल लहान, दोन्हींतलं औषध पाण्यासारखं. चुकून ट्रॅनेक्झॅमिक पाठीत गेलं तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, आणि अशा चुकीने जगभर माणसं दगावली आहेत. घाईत ते मोठ्याने वाचणं कुणाला पोरकट वाटत असेल तर वाटू दे. तुम्ही थांबू नका.

तरी पुन्हा पट्टीवरच येतो, तिच्या शेवटच्या ओळीवर. 'बूजी नाही.' ट्यूब सरळ जात नसेल तेव्हा आधी सरकवायची ती लवचिक काठी. ती नाही हे आधी कळलं तर कॉल आल्यावर आम्ही आमच्या बॅगेत घालून आणतो, नाहीतर स्पायनलच निभेल असा बेत आखतो. श्वासनळीचं तोंड दिसावं म्हणून घशात लॅरिंगोस्कोप घातल्यावर हात पुढे केला आणि "ती नाहीये डॉक्टर" असं ऐकू आलं, तर उपाय संपलेले असतात. सरकारी दवाखान्यात काय नाही हे लिहून लावायला छाती लागते. उद्या कोणी साहेब भेटीला येतात, ती पट्टी वाचतात आणि "हे इथे कशाला चिकटवलंय?" असं तुम्हालाच विचारतात. मागणीपत्रं पाठवलेली असतात, वस्तू आलेली नसते, आणि जाब मात्र लिहिणाऱ्याला. तरीही तुम्ही ती ओळ खोडत नाही. रात्री दोनला येणारा भूलतज्ज्ञ कोण असेल, पुन्हा कधी येईल की नाही, हे तुम्हाला माहीत नसतं. त्या अनोळखी माणसासाठी आणि टेबलावरच्या अनोळखी बाईसाठी तुम्ही बॉलपेन उचलता. माणसाने माणसाशी खरं वागावं ते हे, असं वाटतं.

आमच्यातल्या काहींनी आता हीच पद्धत दुसऱ्या थिएटरमध्ये सुरू केली आहे. एका नर्सिंग होममधल्या मावशींनी चिकटपट्टीऐवजी पाठकोरा कागद लावला, तो स्पिरिटने पुसला गेला. तेव्हा त्यांनाही सांगितलं, पट्टीच हवी आणि बॉलपेनच हवं.

पुढच्या कॉलला येताना दोन बूजी आणि ६.५ च्या चार ट्यूब आणतो आहोत. त्या तुमच्या थिएटरसाठी आहेत, नोंदवहीत चढवून घ्या. पट्टीवरच्या शेवटच्या दोन ओळी त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या हाताने खोडायच्या.

तुमच्या थिएटरला कॉलवर येणारे
भूलतज्ज्ञ