तुझ्या वाट्याची सेवा

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावात सलाम.

रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास. पप्पा म्हणाले, दोन दिवस जाऊ देत. पण फोनवर मी काही म्हटलं की तुला टोचतं, म्हणून लिहायला बसले. मंडळीच्या वडीलजनांनी उपासनेतल्या उपदेशासाठी तुझ्या मित्राला निवडलं आणि तुला आजाऱ्यांच्या भेटीच चालू ठेवायला सांगितलं. रात्ररात्र जागून तयारी केली होतीस, वाईट वाटणारच. पण "मला देवानं दिलंच काय?" हे तुझं बोलणं काही केल्या माझ्या मनातून जात नाही. येत्या रविवारी उपासनेला जाणार आहेस ना?

वाद घालायचा नाही मला. तू पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातलं, 1 करिंथ 12 चं शेवटचं वचन ऐकवलंस, श्रेष्ठ कृपादानांची इच्छा धरा म्हणून. मग धर ना इच्छा. माग, हट्टानं माग. समाधानी राहा म्हणजे मागू नकोस, असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्याच अध्यायात 11 वं वचनही आहे. दानं वाटणारा पवित्र आत्मा आहे आणि तो आपल्या इच्छेप्रमाणे वाटतो. 28 व्या वचनात प्रेषित, संदेष्टे, शिक्षक यांच्याच ओळीत साहाय्य करणारेही बसलेत. पौल श्रेष्ठ दानांचं नाव काढतो न काढतो तोच प्रीतीचा अध्याय सुरू होतो. 14 व्या अध्यायात तो पुन्हा दानांकडे वळतो, तेव्हा सारखं एकच विचारतो, यानं मंडळीची उन्नती होते का? ज्याला अंथरुणातून उठता येत नाही तोही मंडळीतलाच आहे, बाळा. व्यासपीठावरचा उपदेश त्याच्या खोलीपर्यंत पोचत नाही. तिथं कुणाला तरी चालत जावं लागतं.

झालं, लागले शिकवायला. माफ कर. तुला यातलं सगळं माझ्याआधी पाठ होतं.

आजीचे शेवटचे महिने आठवतात तुला? येणारे यायचे, उभ्या उभ्या प्रार्थना करायचे आणि निघायचे. तू आलास की आधी खुर्ची उचलून तिच्या डाव्या बाजूला न्यायचास, कारण उजव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं. 71 वं स्तोत्र वाचताना, म्हातारपणी मला टाकू नकोस, या ओळीपाशी तू थांबायचास. ती ओठ हलवत तेच म्हणायची. कधी शब्द सापडायचा नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. तिचं म्हणून होईपर्यंत तू पुढची ओळ घेत नव्हतास, की शब्द सुचवतही नव्हतास. मी दारात उभी राहून ऐकत असे. धाकट्या आत्यानं विचारलं, याला हे शिकवलं कुणी? मला बोलताच आलं नाही, गळा दाटून आला होता. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता, ते आज लिहिते आहे.

आणि म्हणूनच भीती वाटते. उपदेश मिळाला नाही म्हणून तू भेटी सोडशील, मग रविवार सोडशील. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 25 व्या अध्यायातला, धन्यानं एकच तलांत सोपवलेला तो तिसरा दास सारखा डोळ्यांपुढे येतो. एक तलांत म्हणजे सहा हजार दिनार, मजुराची जवळजवळ 20 वर्षांची मजुरी. त्याच्या हातात थोडं नव्हतं रे. त्यानं ते पुरून टाकलं. आणि उरलेल्या दोघांचं बघ. पाचाचे दहा करणाऱ्याला आणि दोनाचे चार करणाऱ्याला धनी अगदी त्याच शब्दांत शाबासकी देतो. तुझे चारच का, असं दुसऱ्याला विचारतसुद्धा नाही.

तुझा मित्र चांगला बोलतो. हे मान्य करताना तुला किती त्रास होत असेल ते मला कळतं. प्रभूच्या शिष्याला, पेत्राला तरी कुठं चुकलं? माझी मेंढरं राख, अशी केवढी मोठी सेवा प्रभूनं त्याच्यावर सोपवली, आणि तो मागं वळून योहानाकडे बघून विचारतो, याचं काय? प्रभू म्हणाला, तुला त्याचं काय, तू माझ्यामागे ये. तेव्हा मित्राच्या पहिल्या उपदेशाला पुढच्या बाकावर जाऊन बस. त्याला तुझा चेहरा दिसू दे. मला इथं बसून हे सांगायला काय जातं, तिथं बसायचंय तुला, हे कळतं मला. तरी बस.

पुढंमागं तुलाही उभं करतील. केलं तर मी आणि पप्पा कुठंही असलो तरी येऊ. आणि नाही केलं, तरी तुला दिलेलं काही कमी होत नाही. देवानं तुला माणसाजवळ थांबता येणं दिलंय. मला ते साठी आली तरी नीट जमत नाही. आजाऱ्याजवळ बसले की मी बोलतच सुटते.

ते पक्षाघात झालेले काका, ज्यांना पाहुणा उठला की रडू येतं असं तू सांगितलं होतंस, त्यांच्याकडे या गुरुवारी गेलास का? गेला नसशील तर तसंच कळव, मी रागावणार नाही. आणि रविवारचंही कळव.

पप्पांचा आशीर्वाद.

तुझी,
आई