चेस्टर अव्हेन्यूवरची गाणी: कर्न काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाला खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि मंडळाचे सर्व सदस्य,
कर्न काउंटी, बेकर्सफील्ड, कॅलिफोर्निया

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत मंडळाच्या कार्यालयात दिली आहे. मराठीतही लिहितेय, कारण या भागात राहणाऱ्या माझ्या मराठी मंडळींनी ते वाचावं आणि जमलं तर त्याखाली आपलं नाव घालावं, अशी माझी इच्छा आहे. विषय आहे तो बेकर्सफील्डच्या जुन्या नाचगाण्याच्या जागांची आणि तिथल्या माणसांची आठवण जपण्याचा. सभेत बोलायला जी मोजकी मिनिटं मिळतात, त्यात तो मावणार नाही.

मी या गावात फार्मासिस्ट म्हणून नोकरी केली. यजमान तेलाच्या क्षेत्रात होते, म्हणून इथे आलो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मला हे गाव अजिबात आवडलं नाही. उन्हाळा भाजून काढायचा, हवेत सतत धूळ. शिवाय आमच्या ओळखीचे सगळे सुट्टी लागली की लॉस एंजेलिसला पळायचे. गावाशी माझी गाठ पडली ती एका सोमवारच्या संध्याकाळी, गावाला लागून असलेल्या ऑइलडेलमधल्या ‘ट्राउट्स’ नावाच्या बारमध्ये. एका सहकारी बाईने आग्रह करकरून नेलं होतं. आत अंधार आणि बिअरचा वास होता. भिंतींवर निऑनचे दिवे होते आणि नाचायला लाकडी जमीन. एका बाजूला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ डोक्यावर हॅट घालून गात होते. ना कसला थाट, ना आविर्भाव. समोर जेमतेम वीस-पंचवीस माणसं होती आणि तीसुद्धा बहुतेक त्यांच्याच वयाची. मैत्रीण कानाशी येऊन म्हणाली, “हे रेड सिम्पसन. बक ओवेन्स आणि मर्ल हॅगार्डला यांनी गाणी दिलीत.” ओवेन्स आणि हॅगार्ड म्हणजे याच गावातून देशभर गाजलेले कंट्री संगीताचे गायक.

त्यानंतर जमेल तेव्हा मी सोमवारी तिथे जाऊन बसत असे. बिअर नाही, सोडा घेऊन.

रेड सिम्पसन 2016च्या 8 जानेवारीला गेले. वय 81. पुढच्या तीन महिन्यांत, 6 एप्रिलला, मर्ल हॅगार्डही गेले, नेमके आपल्या 79व्या वाढदिवशी. हॅगार्ड गेले तेव्हा साऱ्या जगाने बातमी दिली आणि ते रास्तच होतं. सिम्पसन मात्र आपल्याच गावातल्या अनेकांना ठाऊक नव्हते. 2017मध्ये ट्राउट्सलाही कुलूप लागलं. एका वर्षाच्या अंतराने माणूस गेला आणि त्याची जागाही गेली.

मंडळातल्या सर्वांना हा इतिहास माहीत असेलच असं नाही आणि माझ्या मराठी वाचकांना तर तो बहुधा नसेलच, म्हणून थोडं सांगते. 1930च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सास, अर्कान्सा या भागांत दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेती बुडाली. हजारो कुटुंबं मोडक्या गाड्यांत संसार भरून या खोऱ्यात आली. इथे त्यांना ‘ओकी’ म्हणून हिणवत. कापूस वेचायला, फळं तोडायला, तेलाच्या विहिरींवर राबायला तीच माणसं होती. शनिवारी हातात पगार पडला की ती जिथे जात, त्या दारूच्या आणि नाचाच्या जागा म्हणजे हाँकी-टाँक. ब्लॅकबोर्ड, लकी स्पॉट, क्लोव्हर क्लब, रेनबो गार्डन्स, ट्राउट्स. हल्ली जगभर ‘बेकर्सफील्ड साउंड’ म्हणून ज्याचं नाव घेतात, तो बाज या खोल्यांमध्ये घडला.

घडला म्हणजे काय, तेही सांगायला हवं. त्याच काळात नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्री संगीताच्या मुख्य केंद्रात, या संगीतावर व्हायोलिनांचे ताफे आणि कोरसचा मुलामा चढत होता. इथे तसलं काही चालणारच नव्हतं. दोन-अडीचशे माणसं नाचतायत, ग्लास आपटतायत, कोपऱ्यात एखादी हातापायी जुंपलेली आहे, आणि त्या कल्लोळातून गाणं शेवटच्या टेबलापर्यंत गेलं पाहिजे. म्हणून फेंडरची टेलिकास्टर गिटार आली. भरीव लाकडाची, तिचा स्वर कापत जाणारा, जवळजवळ टोचणाराच. नाचणाऱ्यांचे पाय चुकू नयेत म्हणून ड्रम ठणठणीत वाजायचा. गाण्याची वाक्यं छोटी ठेवायची, म्हणजे गोंगाटातही शब्द कळायचे. बक ओवेन्सने ब्लॅकबोर्डमध्ये वर्षानुवर्षं रात्री काढल्या, त्यातून त्याचा तो आवाज तयार झाला. बकची पहिली बायको, बॉनी ओवेन्स, क्लोव्हर क्लबमध्ये ट्रे हातात घेऊन टेबलांवर ग्लास पोचवायची आणि मध्येच स्टेजवर जाऊन गायची. पुढे तीच हॅगार्डबरोबर दौरे करत असताना, त्याला सुचलेल्या ओळी निसटून जाऊ नयेत म्हणून कागद-पेन जवळ बाळगायची. तिची आठवण काढल्याशिवाय मला या खोल्यांविषयी बोलवत नाही.

सिम्पसन याच खोल्यांमधले. जन्म 1934चा, अॅरिझोनातला, पण वाढले इथेच. चौदाव्या वर्षी पहिलं गाणं लिहिलं. कोरियाच्या युद्धात ‘रिपोझ’ नावाच्या इस्पितळी जहाजावर होते, तिथेही त्यांनी वाद्यवृंद जमवला होता. परतल्यावर क्लोव्हर क्लबमध्ये पियानो वाजवू लागले. बक ओवेन्सबरोबर लिहिलेलं ‘सॅम्स प्लेस’ 1967मध्ये देशाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते गाणंही अशाच एका नाचाच्या जागेवरचं. हॅगार्डबरोबरही त्यांनी गाणी लिहिली. कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीला ट्रक ड्रायव्हरांची गाणी हवी होती. हॅगार्डला त्यात रस नव्हता, सिम्पसन तयार झाले. 1966मध्ये ‘रोल ट्रक रोल’ निघालं. 1971च्या अखेरीस ‘आय अॅम अ ट्रक’ आलं, त्यात ट्रक स्वतःच ड्रायव्हरविषयी गाऱ्हाणं सांगतो. हे गाणं त्यांचं स्वतःचं नव्हे, एका पोस्टमनने लिहिलेलं, पण चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं ते सिम्पसन यांच्या गळ्यातून. आणि गंमत म्हणजे ते स्वतः पेशाने ट्रक ड्रायव्हर कधीच नव्हते. आज हायवे 99वर ट्रक चालवणाऱ्यांत किती पंजाबी आहेत ते आपण जाणताच. आमच्या दुकानात औषधं न्यायला येणाऱ्या एका सरदारजींना मी फोनवर ते गाणं ऐकवलं होतं. त्यांनी ते तिथेच काउंटरपाशी उभं राहून तीनदा लावायला सांगितलं.

पण माझ्या मनात घर केलंय ते त्यांच्या दुसऱ्याच गाण्याने. ‘क्लोज अप द हाँकी टाँक्स’, बक ओवेन्सने 1964मध्ये गायलेलं. कुणाची तरी बायको किंवा प्रेयसी रोज रात्री या नाचाच्या जागांमध्ये हरवते, आणि तो विनवतो की ही ठिकाणं बंद करा, दारांना कुलपं घाला, म्हणजे ती घरी येईल. हे ज्यांनी लिहिलं, त्यांचं अवघं आयुष्य त्याच ठिकाणी गेलं. एका सोमवारी ट्राउट्समध्ये त्यांनी ते गायलं तेव्हा समोर एकच जोडपं नाचत होतं, दोघंही ऐंशीच्या आसपासचे. त्या आजोबांच्या बुटाचा तळ लाकडावर घासल्याचा आवाज गाण्याच्या तालात मिसळत होता. गिटार थांबली तरी तो आवाज आणखी दोन पावलं चालू राहिला.

मंडळाने काहीच केलेलं नाही असं माझं म्हणणं नाही. हॅगार्ड लहानपणी ज्यात राहिले तो ऑइलडेलमधला रेल्वेचा डबा 2015मध्ये हलवून कर्न काउंटी म्युझियममध्ये नीट आणून ठेवला. आमच्याकडे कुणी पाहुणे आले की मी त्यांना आधी तिथे नेते. एका मालडब्याचं घर करून राहिलेलं कुटुंब, नऊ वर्षांचा असताना वडील गमावलेला मुलगा, हे तो डबा पाहिल्यावर जसं कळतं तसं पुस्तकातून कळत नाही. हॅगार्ड आणि ओवेन्स या दोघांच्याही नावाचे रस्ते गावात आहेत. मोठ्यांची आठवण राखली गेली. माझं मागणं आहे ते ज्या खोल्यांनी त्यांना मोठं केलं त्या खोल्यांसाठी, आणि त्यांच्या मागे उभं राहून गाणी लिहिणाऱ्या सिम्पसन यांच्यासारख्यांसाठी.

म्युझियममधून बाहेर पडलं की चेस्टर अव्हेन्यू लागतो. ब्लॅकबोर्ड याच रस्त्यावर होतं. ती इमारत केव्हाच पाडली गेली. तिथून उत्तरेला कर्न नदी ओलांडायची. पात्रात बहुतेक दिवस वाळूच असते, पाणी कालव्यांनी वळवलेलं. पलीकडे ऑइलडेल आणि नॉर्थ चेस्टरवर ट्राउट्सची जागा. मोटारीने काही मिनिटांचं अंतर आहे हे. इतक्याशा पट्ट्यात अमेरिकन संगीताचं एक पान लिहिलं गेलं. या रस्त्यावर जिथे जिथे अशी खोली होती, तिथे पदपथावर एक फलक हवा: इथे काय होतं, कोण वाजवायचं, कोण नाचायला यायचं. ऑइलडेल कुठल्याही शहराच्या हद्दीत येत नाही, त्याचा कारभार थेट आपल्याकडे आहे. तेव्हा हे शहराकडे पाठवू नका, ही हात जोडून विनंती.

मला ही घाई का, त्याचं कारण माझ्या माहेरात आहे. मी नारायणगावची. यात्रांचा हंगाम आला की तमाशाच्या फडांच्या राहुट्या आमच्याकडे लागतात आणि गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला येतात. लहानपणी ढोलकीचा आवाज रात्री माजघरापर्यंत यायचा, पण आमच्या घरच्या मुलींनी त्या दिशेला पाहायचंही नाही, असा दंडक होता. विठाबाई नारायणगावकर आमच्याच गावच्या. वगाच्या मध्यात पोटात कळा आल्या, कनातीमागे जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या, अशी ती बाई. राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, पण अखेरची वर्षं हलाखीत काढली. 2002मध्ये त्या गेल्या. आता त्यांच्या नावाने महाराष्ट्र सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. मी त्यांना एकदाही पाहिलं नाही, त्यांच्या गावात वाढून! याची टोचणी मला आहे. ट्राउट्समध्ये सोमवारी मी जाऊन बसायचे, त्यामागे हेच होतं.

म्हणून फलकांच्याही आधी एक काम करा. ज्यांनी या खोल्यांमध्ये वाजवलं, नाचलं, ग्लास विसळले, दारावर उभं राहून भांडणं सोडवली, त्यांच्यापैकी आज जे हयात आहेत त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्या जुन्या काळातली बहुतेक माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. याला इमारत लागत नाही. दोन चांगले मायक्रोफोन, कॉलेजातली चार होतकरू मुलं आणि काउंटीच्या ग्रंथालयात एक कपाट एवढ्यावर सुरुवात होईल. तेलाचं उत्पन्न पूर्वीसारखं राहिलेलं नाही आणि तिजोरीवर ताण आहे हे मी जाणते, म्हणूनच सर्वात स्वस्त काम आधी सांगितलं.

आणखी एक. बार चालवणं हे काउंटीचं काम नव्हे, ते मला मान्य आहे. पण काउंटीच्या ताब्यातला एखादा हॉल आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळा ठेवता येईल, सोमवारचीच. त्याची जमीन लाकडी हवी. काँक्रीटवर म्हाताऱ्या माणसांचे गुडघे टिकत नाहीत आणि गालिच्यावर पाय सरकत नाहीत, नाचणाऱ्यांना विचारा, पहिलं हेच सांगतील. भाडं नाममात्र ठेवा आणि वादकांना मानधन द्या. नव्या पोरांना जुन्यांच्या शेजारी उभं राहून वाजवता आलं पाहिजे. सिम्पसन असेच शिकले, कुणाच्या तरी गैरहजेरीत त्याच्या जागी बसून. रेकॉर्ड ऐकून सूर कळतात, पण नाचणारे दमले की गाणं कुठे आवरतं घ्यायचं, ते समोर नाचणारे असल्याखेरीज उमगत नाही.

आमच्या दुकानात नियमित येणाऱ्या एक बाई आहेत. नाव लिहीत नाही, पण त्यांना विचारून हे लिहितेय. लहानपणी आईबरोबर कापूस वेचायला जात. बोंडाच्या वाळलेल्या काट्यांनी नखांच्या कडा चिरायच्या, ते व्रण त्यांनी मला काउंटरवर हात पालथा ठेवून दाखवले होते. विशीत असताना दर शनिवारी त्या ब्लॅकबोर्डमध्ये नाचायला जात. कोणत्या बाजूला बँड बसायचा, थंडीत कोट कुठे टांगायचे, जमिनीवरची कुठली फळी दबायची, सगळं त्यांना पाठ आहे. त्या बोलायला तयार आहेत. दुपारी त्यांना थकवा येतो, तेव्हा सकाळी दहाच्या सुमारास गेलेलं बरं. ज्यांना आपण पाठवाल त्यांना मी स्वतः घेऊन जाईन.

आपली नम्र,
बेकर्सफील्डची एक रहिवासी, मूळची नारायणगावची